कवड्या की मण्यार? पडद्यावर नजर कशी तयार होते

देवरूखच्या परिसरात रात्री घरात शिरलेला आडव्या पट्ट्यांचा साप बहुधा कवड्या असतो किंवा मण्यार. कवड्या बिनविषारी, मण्यारीचे विष प्राणघातक. कवड्याचे पट्टे डोक्याकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पट्टे मानेपासून काही अंतरावर सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत टिकतात. हे पाठ असलेली माणसेही बॅटरीच्या उजेडात चुकतात, कारण माहिती असली म्हणजे नजर तयार झाली असे होत नाही.

ही नजर संगणकावर तयार होते, पण स्लाइड-शो दाखवून नव्हे. आधी दहा फोटो कवड्याचे, मग दहा मण्यारीचे, खाली नावे, शेवटी ‘समजलं ना?’ आणि सगळ्यांचे ‘हो’. जनजागृती म्हणून हेच किती काळ चालवायचे? मानसशास्त्रज्ञ नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांच्या २००८ सालच्या प्रयोगात १२ चित्रकारांची प्रत्येकी ६ चित्रे दाखवली गेली, काहींची सलग, काहींची सरमिसळ करून. नवी चित्रे कोणाची हे ओळखताना सरमिसळ सरस ठरली. तरीही बहुतेकांना सलग पाहूनच आपण जास्त शिकलो असे वाटत होते! तेव्हा श्रोत्यांचे समाधान हा पुरावा नव्हे.

सलग पाहताना साम्य ठसते, सरमिसळीत फरक. म्हणून फोटो नावाशिवाय यावा, काही सेकंदांत उत्तर द्यावे लागावे, चूक लगेच कळावी आणि दर वेळी फोटो नवा असावा: वेटोळ्यातला, अर्धवट झाकलेला, अंधुक. तेच फोटो फिरवले तर फोटोच पाठ होतात, साप नव्हे.

‘नजर अनुभवानेच येते’ हे अर्धसत्य आहे. केलमन आणि कैसर या संशोधकांच्या १९९४ सालच्या अभ्यासात तासा-दोन तासांच्या अशा सरावानंतर नवखे लोक विमानाची उपकरणे अनुभवी वैमानिकांच्या तोडीने वाचू लागले.

मात्र या सरावाला मर्यादा आहे. ‘मेंदूच्या गेम’नी सगळीच बुद्धी तल्लख होते, हा दावा असे गेम विकणाऱ्या ल्युमॉसिटी कंपनीला महागात पडला, २०१६ साली अमेरिकेत तिला २० लाख डॉलर भरावे लागले. सरावाचा लाभ मुख्यतः सरावलेल्या कामापुरता असतो. मण्यार ओळखता आली म्हणून फुरसे ओळखता येत नाही.

उपचारासाठी साप ओळखलाच पाहिजे, मारून न्यावा, हेही खोटे. भारतातील प्रचलित प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे. सापामागे न धावता चावलेल्या माणसाला थेट रुग्णालयात न्यावे.