काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा शोध

घराण्यातील कोणी एक पुरुष काळ्या पाण्यावर गेला, एवढीच वार्ता ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ते वंशज शोधास निघाले म्हणजे बहुधा प्रथम अंदमानातील सेल्युलर तुरुंगाकडे वळतात. वस्तुतः तो तुरुंग पुरा झाला १९०६ मध्ये, आणि सत्तावन्नच्या उठावानंतर बंदिवानांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरली ती मार्च १८५८ मध्ये. त्याहीपूर्वी कित्येक वर्षे मुंबई इलाख्यातील कैदी पिनांग, सिंगापूर आणि मॉरिशस येथे रवाना होत असत व तेथील रस्ते त्यांच्या सक्तमजुरीवर तयार होत. खुद्द आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांची रवानगी अंदमानास नव्हे, तर एडनला झाली, आणि तेथेच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला.

हद्दपार झालेला प्रत्येक जण राजबंदी होता, हा समजही टिकणारा नाही. बहुसंख्यांवर खून, दरोडा, चोरी असेच आरोप शाबीत झालेले होते. तथापि ज्या सरकारच्या लेखी भिल्ल, कोळी, रामोशी यांचे बंड आणि दरोडा यांत फारसा भेद नव्हता, त्याच्या फैसल्यातील एका शब्दावरून पूर्वजाविषयी मत बनवू नये. मुकदम्याचे कागद मिळाले, तर ते समग्र वाचावेत.

सर्वांत अधिक निराशा पदरी येते ती आडनावाने शोधणाऱ्यांच्या. जहाजाबरोबर जी यादी जाई, तीत कैद्याचे व त्याच्या बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरील खुणा, गुन्हा आणि शिक्षा यांची नोंद असे. म्हणजे ‘रामा बिन बाबाजी’ आणि गालावरचा व्रण एवढ्यावरच माणूस ओळखावयाचा, आणि तेही कारकुनाने कानाला जसे लागले तसे इंग्रजीत उतरवलेले नाव निरनिराळ्या प्रकारे वाचून.

गेलेला परत आलाच नाही, हेही सरसकट खरे नाही. काहींची शिक्षा सात किंवा चौदा वर्षांचीच असे. उलट, अंदमानात कित्येकांनी मुदतीनंतर, किंवा सवलतीचे तिकीट, म्हणजे शिक्षेच्या काळातच स्वतः कमावून राहण्याची परवानगी, मिळताच संसार थाटले, आणि त्यांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत.

म्हणून शोधाचा आरंभ बेटावर नव्हे, शिक्षा जेथे झाली त्या जिल्ह्यापासून करावा. घरच्या वडीलधाऱ्यांकडून नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि अदमासे साल आधी लिहून घ्या, आणि मगच मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याची दप्तरे मागा.