रास झाली, पट्टी नाही

औशात दिवाळी खळ्यावरून घरात येते. आधी सोयाबीनची काढणी, मग मळणी, मग आडतीची पट्टी. कापडं, किराणा, लेकीची बोळवण हे सगळं त्या पट्टीवर टेकलेलं. ती लांबली की दसऱ्यापासूनच घरातली बोलणी तिखट होतात. या ताणाबद्दलचे काही समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज: सणाचा ताण येतो, म्हणजे मन कच्चं.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घडामोडींना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००. त्याच यादीत नाताळही आहे, १२ गुणांसह. सण आनंदाचा असला तरी झोप मोडतो, खर्च वाढवतो. सासरच्यांशी खटक्याला २९ आणि आर्थिक स्थिती बदलण्याला ३८ गुण आहेत. दिवाळीच्या आठवड्यात हे तिन्ही एकाच घरात मुक्कामाला येऊ शकतात, आणि गुणांची बेरीज होते.

गैरसमज: वर्षातून एकदाच येते दिवाळी, पैशाचं नंतर बघू.

नंतर बघायची किंमत आधीच मोजावी लागते. २०२५ चं उदाहरण घ्या. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्यातली पिकं पाण्यात गेली. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. राज्यातली सोयाबीनची हमीभाव खरेदी मात्र १५ नोव्हेंबरपासून. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, पण दिवाळी तोपर्यंत थांबत नाही. शिवाय सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के असते. सणाआधी घाईनं आणलेला माल ओला, म्हणून भाव पडतो. समजा क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले आणि दहा क्विंटल विकले, तर दहा हजार गेले. हा खर्च फराळाच्या हिशेबात कुणी लिहीत नाही. सणापुरती नड भागेल एवढंच विकावं, कापडं पट्टी आल्यावर घ्यावीत. पोरं दोन दिवस रुसतील; आडत्याची उचल वर्षभर डोक्यावर बसते.

गैरसमज: येळवस बिनखर्चाची, म्हणून बिनताणाची.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या; त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात, अख्खी पंगत शेतात बसते. भज्जी, आंबील, उंडे, खीर यांतलं बरंचसं रानातलंच. खर्च कमी, हे खरं. पण शेंगा सोलणं, भाज्या निवडणं आदल्या दिवशीच सुरू होतं, बायका पहाटेपर्यंत चुलीपुढे असतात, आणि शहरातले पाहुणे जेवायच्या वेळेला उतरतात. आंबिलीचं बिंदगं डोक्यावरून मिरवत नेणाऱ्या पुरुषांना शेंगा सोलायला कोणतंही शास्त्र आडवं येत नाही.

गैरसमज: दुःखातल्या घरानं सण केला की मन रमतं.

काहींचं रमतं, काहींचं आणखी तुटतं. औसा तालुक्यातल्या किल्लारीला भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता. जवळपास आठ हजार माणसं गेली. पुढे दीड महिन्यात दिवाळी होती; एवढ्या ताज्या दुःखावर सणाची सक्ती चालत नाही. ज्या घरात यंदा माणूस गेलंय, तिथं ‘पोरांसाठी तरी करा’ म्हणून गळ घालू नये. डबा पोचवावा, थोडा वेळ बसावं, विषय निघाला तर गेलेल्याबद्दल बोलू द्यावं.

गैरसमज: सणासुदीतच आत्महत्या वाढतात.

अमेरिकेत नाताळाबद्दल हेच पसरलंय. तिथल्या आकडेवारीत डिसेंबर बहुधा सर्वांत कमी आत्महत्यांच्या महिन्यांत असतो. याचा अर्थ सण संपल्यावर निर्धास्त व्हावं असा नाही. पाहुणे गेल्यावर घेणेकरी येतात. घरातलं कुणी दोन आठवडे नीट झोपत नसेल, जेवण सुटलं असेल, ‘माझं ओझं झालंय’ असं बोलत असेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक लावून द्यावा. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि फवारणीचं औषध आधी घराबाहेर काढून कुलपात ठेवावं.