नाव दुकानाचं, अंग दुसऱ्याचं

मैत्रिणींनो, हल्ली वाशीमला जा, कारंज्याला जा की रिसोडला. मिठाईचं दुकान असो, दवाखाना असो की मंगल कार्यालय, कामाच्या माणसांच्या अंगावर नाव घातलेला ड्रेस दिसतोच. आपल्यापैकी कितीजणींच्या घरचाच धंदा असतो, आणि "कपड्यांचं तूच बघ" म्हणून हे काम आपल्याकडे येतं. काहीजणी तर बचत गटातून असे ड्रेस शिवूनही देतात. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी.

माझ्या जाऊबाईंचं फरसाणचं दुकान आहे. गेल्या दिवाळीआधी त्यांनी नऊ माणसांना लालभडक टी-शर्ट केले. पाठभर दुकानाचं नाव, खाली फोन नंबर. महिन्याभरात बघतात तो सगळे घरून साध्या कपड्यांत येतात आणि टी-शर्ट पिशवीतून काढून दुकानात घालतात! जाऊबाई रागावल्या. तेव्हा काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, स्टँडवर पोट्टे दुकानाच्या नावानं हाका मारतात. मले लय कसंतरी वाटते."

बघा, जाहिरात आपली झाली, पण ती मिरवायची कुणी? म्हणून पहिला नियम हा, की रंग आणि जागा ठरवण्याआधी घालणाऱ्याला विचारा. माप तर प्रत्येकाचं घ्याच. २०२४-२५ साली आपल्या राज्यात 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत शाळकरी मुलांचे गणवेश एकाच ठिकाणाहून ठरले. शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आली. पण कपडे वेळेवर नाहीत, मापात नाहीत, अशी ओरड झाली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. शिवणाऱ्या बायांचा हात कितीही चांगला असो, समोर अंग नसेल तर कपडा बसत नाही.

आता कापड. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा निव्वळ पॉलिस्टर स्वस्त पडलं तरी टाळा. सुताचं प्रमाण जास्त असलेलं कापड घ्या आणि शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवा, नाहीतर ते नंतर आटतं आणि नावाभोवती चुण्या पडतात.

नाव घालायच्या तीन सोप्या रीती आहेत. टी-शर्ट, एप्रन खूप असतील तर स्क्रीनची छपाई परवडते. साचा एकदाच होतो, म्हणून नग वाढले की खर्च कमी होतो. असे कपडे उलटे करून धुवा आणि छपाईवर इस्त्री फिरवू नका. शर्टासाठी मशीनचं भरतकाम उत्तम. ते वर्षानुवर्षं टिकतं, पण अगदी बारीक अक्षरं गिचमिड होतात. तेव्हा पत्ता-बित्ता गाळून नुसतं नाव नि चिन्ह ठेवा. खिशावर भरायचं असेल तर खिसा लावण्याआधी भरा, नाहीतर खिसाच शिवला जातो! तिसरी रीत मला सगळ्यात आवडते. वेगळ्या तुकड्यावर भरून ती पट्टी कपड्याला टाचायची. शर्ट विरला की पट्टी उसवून नव्यावर लावता येते.

कापडावर ओळख भरणं आपल्या जिल्ह्याला नवं थोडंच आहे? मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा बायांच्या कांचळ्या नि ओढण्या पाहिल्यात ना? आरसे, कवड्या आणि टाक्यांची ती नक्षी. ती ओळख त्या अभिमानानं अंगावर घेतात, कारण ती त्यांची स्वतःची असते.

जागेचा विचार बायकांसाठी वेगळा करायला हवा. छातीवर अक्षरं असली की कित्येकींना संकोच होतो. गिऱ्हाईक नाव वाचतंय की काय बघतंय, कसं कळणार? त्यापेक्षा बाहीवर किंवा एप्रनच्या कमरेजवळच्या खिशावर घाला. साडी नेसणाऱ्यांना नुसता एप्रन पुरे. घरी जाताना काढून ठेवता येतो.

आणि मुलीचं पूर्ण नाव-आडनाव मात्र मुळीच नको. आजकाल तेवढ्यावरून मोबाइलवर माणूस शोधता येतो. एस.टी.च्या कंडक्टरचा बिल्ला आठवा. तक्रार करायला नंबर पुरतो. आपल्यालाही पहिलं नाव किंवा नंबर पुरे.

शेवटचं म्हणजे, निदान दोन जोड द्या आणि त्याचे पैसे पगारातून कापू नका. नाव आपलं, तर खर्चही आपलाच. एकच जोड दिला तर ती बाई रात्री धुऊन सकाळी ओलाच घालून येईल, पावसाळ्यात तर नक्कीच.

जाऊबाईंनी काय केलं? लाल टी-शर्ट बाजूला ठेवले आणि सगळ्यांना बसवून विचारलं. मंडळींनी निळे सुती एप्रन निवडले, खिशावर बोटभर उंचीचं नाव. परवा गेले तर ती काउंटरवरची मुलगी एप्रन घालूनच समोरच्या दुकानात चहा सांगायला निघाली होती. जाऊबाई मला म्हणाल्या, "आता हाय ना दुकानाचं नाव!"