एकदाच चालणारी सिरिंज आणि तिच्यामागचे भांडण

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर एक प्रश्न हमखास कानी पडतो. मांडीवर बाळ घेऊन बसलेली आई हळूच विचारते, ‘सुई नवीनच आहे ना जी?’ सिस्टर तिच्यासमोर पाकीट फोडतात, लस टोचतात आणि लगेच हब कटरने सुई कापतात. आईचा जीव भांड्यात पडतो.

आमच्या इंटर्नशिपच्या काळात काचेच्या सिरिंज उकळून पुन्हा वापरल्या जात. उकळण्यात कसूर झाली, की एकाची कावीळ दुसऱ्याला. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लोकसंख्या निधी यांनी १९९९ मध्ये लसीकरणासाठी ‘ऑटो-डिसेबल’ सिरिंजचा आग्रह धरला. हिचा दट्ट्या एकदा पूर्ण दाबला, की पुन्हा मागे येत नाही. आपल्याकडे बीसीजीसाठी ०.१ मिलीची आणि टोचायच्या इतर बहुतेक लसींसाठी ०.५ मिलीची अशी सिरिंज वापरतात.

ही करामत म्हणजे दट्ट्याच्या हालचालीला घातलेला अडसर. ‘सिरिंज एकदाच चालावी’ या नुसत्या कल्पनेवर पेटंट मिळत नाही. ती कोणत्या युक्तीने अडते, त्या युक्तीवर मिळते. ब्रिटनच्या मार्क कोस्का यांनी नळीच्या आत एक बारीक कडे ठेवले. दट्ट्या ते ओलांडून पुढे गेल्यावर जोराने मागे ओढला, तर मोडतो. कारखान्यातल्या जुन्याच यंत्रांत थोडा बदल करून ही सिरिंज बनवता येते, हे तिचे मोठे बलस्थान. फरीदाबादच्या हिंदुस्तान सिरिंजेसने परवाना घेऊन ती भारतात बनवली.

कारखान्यात नळी, रबरी गॅस्केट, दट्ट्या आणि सुई यंत्रच जोडते. काही यंत्रे टप्प्याटप्प्याने थांबत फिरतात, काही अखंड. माणसाचा हात जितका कमी लागेल, तितके जंतू कमी. पाकीट बंद झाल्यावर इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुकीकरण होते. यातल्या एकेका हालचालीवरही पेटंट असू शकते.

हालचालीवरचे असे वाद जुनेच आहेत. १७८० मध्ये जेम्स पिकार्डने वाफेच्या यंत्राला क्रँक जोडण्याचे पेटंट घेतले. जेम्स वॅटला १७८१ मध्ये दात्यांच्या चाकांची वेगळी वाट काढावी लागली. सिरिंजचा गाजलेला खटला अमेरिकेतला. इंजेक्शननंतर सुई आत ओढून घेणारी सिरिंज बनवणाऱ्या टेक्सासच्या रिट्रॅक्टेबल टेक्नॉलॉजीजने २००७ मध्ये बलाढ्य बेक्टन डिकिन्सनवर दावा लावला. ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला. पण २०११ मध्ये अपील न्यायालय पेटंटमधल्या ‘बॉडी’ या एका शब्दावर अडले. बॉडी म्हणजे एकसंध नळी, असा अर्थ न्यायालयाने लावला. त्यामुळे दोन तुकड्यांची ३ मिलीची सिरिंज सुटली आणि १ मिलीची अडकली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९७८ मध्ये अशीच कसोटी लावली. मिर्झापूरच्या भांडी कारखानदारांत लेथवर भांडे घट्ट धरण्याच्या पद्धतीवरून वाद होता. कारागिराने नेहमीच्या अनुभवातून केलेली सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असे सांगून न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले.

डॉक्टर म्हणून मला दोन्ही बाजू पटतात. संशोधकाला मोबदला मिळाला नाही, तर नवी सिरिंज येणार कुठून? आणि पेटंटची भिंत फार उंच झाली, तर सरकारी दवाखान्याला ती परवडणार कशी? आपल्या कायद्यात पेटंटची मुदत २० वर्षे आहे. त्यानंतर ती युक्ती सर्वांची होते.

कोर्टातल्या निकालाची वाट न पाहता करता येण्यासारख्या गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. पाकीट फाटलेले, ओले किंवा मुदत संपलेले असेल तर सिरिंज नाकारा. लस टोचणाऱ्यांनी ऑटो-डिसेबल सिरिंजमध्ये आधी हवा ओढू नये. दट्ट्या एकदाच मागे येतो, सिरिंज वाया जाते. आणि त्या आईसारखा प्रश्न जरूर विचारा. त्यात संकोच कसला?