पोकेमॉनचा सुवर्णकाळ कुठला? वादातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारी २०२४ मध्ये नंदंबाक्कमच्या चेन्नई ट्रेड सेंटरमध्ये शहराचं पहिलं कॉमिक कॉन भरलं आणि इथल्या कॉमिक, कार्टून आणि गेमवेड्यांना एकमेकांना भेटायला हक्काची जागा मिळाली. यातल्या पोकेमॉनवेड्यांचा वाद मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. कॉलेजच्या कँटीनमध्ये असो की ओएमआरवरच्या आयटी कंपनीच्या बसमध्ये, कुणीतरी म्हणतं, “मचा, जेन थ्रीच्या पुढे सगळं झूट,” आणि पुढचा तास सत्कारणी लागतो. पुण्या-मुंबईत फक्त ‘मचा’च्या जागी ‘भावा’ येतं.

ज्यांच्या घरात हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयवर आले. सातोशी ताजिरी आणि त्यांच्या गेम फ्रीक या कंपनीने ते घडवले. जीव पकडायचे, वाढवायचे, लढवायचे आणि मित्राशी अदलाबदल करायची, हा गाभा तेव्हापासून तोच आहे. दर काही वर्षांनी नवा प्रदेश आणि नव्या जीवांचा ताफा येतो. त्याला चाहते ‘जेन’, म्हणजे पिढी म्हणतात. १५१ जीवांपासून सुरू झालेली यादी नवव्या पिढीत १,०२५ वर पोहोचली.

कुठली पिढी चांगली हे आवडीवर आहे, असं म्हणून वाद मिटवता येतो. पण त्यात फेकले जाणारे निम्मे दावे आवडीचे नसतात. ते तपासता येतात. तपासले की बरेचसे गळून पडतात.

गैरसमज १: आपण भारतीय पहिल्या पिढीच्या खेळांवर वाढलो.

वस्तुस्थिती: आपण पहिल्या पिढीच्या कार्टूनवर वाढलो. ही मालिका भारतात मे २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. जपानमध्ये ती १९९७ सालीच आली होती. इथली मुलं ॲश आणि पिकाचूची पहिली सफर पाहत होती, तेव्हा जपानी मुलं तिसऱ्या पिढीचे ‘रुबी’ आणि ‘सफायर’ खेळत होती.

खेळ हातात पडणं ही वेगळीच गोष्ट होती. निन्टेन्डोची यंत्रं इथे सहज मिळत नसत. २०१७ साली स्विच जगभर आला तेव्हाही भारतात त्याची अधिकृत विक्री झाली नाही. सिंगापूर-दुबईच्या नातेवाइकांची बॅग किंवा आयात मालाची दुकानं हेच मार्ग होते. चेन्नईत अशा मालासाठी बीच स्टेशनजवळचा बर्मा बाजार आणि अण्णा सालईलगतची रिची स्ट्रीट ही नावं पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात. बाकीच्यांचा खेळ आला तो कॉम्प्युटरवरच्या आणि पुढे अँड्रॉइड फोनवरच्या एम्युलेटरमधून, रॉमची फाइल उतरवून. ते कायदेशीर नव्हतं, पण घडलं तसंच.

साध्या कॉम्प्युटरवर आणि स्वस्त फोनवर विनातक्रार चालायचे ते गेम बॉय ॲडव्हान्सचे खेळ: ‘फायररेड’ आणि ‘एमराल्ड’. ‘फायररेड’ हा पहिल्याच खेळाचा २००४ सालचा रीमेक. गोष्ट आणि नकाशा १९९६ चा, पण आत नियम तिसऱ्या पिढीचे. म्हणून इथे ‘जेन वनच बेस्ट’ म्हणणाऱ्याला आधी विचारावं, की बाबा, तू खेळलास कुठला? बहुतेकदा तो नकळत जेन थ्रीची बाजू लढवत असतो.

गैरसमज २: पहिले खेळ निर्दोष होते, बिघाड नव्या काळात आले.

वस्तुस्थिती: पहिल्या खेळांइतके बग मालिकेत पुढे क्वचितच दिसले. सायकिक प्रकारचे जीव भुतांना घाबरतात, असं खेळातली पात्रंच सांगतात. प्रत्यक्षात घोस्ट प्रकारच्या हल्ल्याचा त्यांच्यावर शून्य परिणाम होत असे. ‘फोकस एनर्जी’ ही चाल वापरली की जबर घाव बसण्याची शक्यता चौपट व्हायला हवी होती. ती एक चतुर्थांश होत असे. शंभर टक्के अचूक म्हणून दाखवलेला हल्लाही २५६ वेळांत एकदा फुकट जायचा. आणि सिनाबार बेटाच्या किनाऱ्यावर भेटणारा ‘मिसिंगनो’ हा तुटक्या चौकोनांचा जीव तर प्रसिद्धच आहे. तो दिसला की सामानातल्या सहाव्या वस्तूची संख्या अचानक फुगायची.

यात गेम फ्रीकची कीव करण्यासारखं काही नाही, उलट कौतुकच आहे. जपानी ‘रेड’-‘ग्रीन’चं अख्खं जग अर्ध्या मेगाबाइटमध्ये बसवलं होतं. शेवटी चाचणीची साधनं काढून टाकल्यावर सुमारे ३०० बाइट जागा उरली आणि प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी तिथे म्यू हा १५१ वा जीव घुसवला. पण कौतुक वेगळं आणि ‘तेव्हा सगळं नीट होतं’ हा दावा वेगळा. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मधल्या अडखळत्या चित्रांवर टीका झाली ती रास्तच होती. मात्र १९९६ चा दाखला तिथे उपयोगाचा नाही.

गैरसमज ३: ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये दुसरा अख्खा प्रदेश बसला तो एकट्या इवातांच्या जादूमुळे.

वस्तुस्थिती: सातोरू इवाता, जे पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले, ते तेव्हा एचएएल लॅबोरेटरीत होते. या खेळांसाठी चित्रं दाबून बसवण्याची साधनं त्यांनी तयार केली, हे खरं आहे. मूळ खेळांची लढाई-यंत्रणा त्यांनी नुसता कोड वाचून, सुमारे आठवड्याभरात निन्टेन्डो ६४ च्या ‘स्टेडियम’साठी उतरवली आणि मोरिमोतोही थक्क झाले, हेही खरं.

पण त्यावरून ‘कांतो (म्हणजे पहिल्या खेळांचा प्रदेश) त्यांच्यामुळेच बसला’ ही आख्यायिका झाली. जपानी ‘गोल्ड’-‘सिल्व्हर’ची काडतुसंच मुळात पहिल्या खेळाच्या दुप्पट क्षमतेची होती. शिवाय आत बसलेला कांतो काटछाट केलेला होता: सफारी झोन बंद, सिनाबारचं गाव ज्वालामुखीत गडप, सेरुलियनची गुहा नाहीशी. दुसऱ्या पिढीचं खरं देणं वेगळं आहे. दिवस-रात्र, नर-मादी आणि अंडी, डार्क आणि स्टील हे दोन नवे प्रकार, आणि ‘स्पेशल’ या एकाच गुणाची हल्ला-बचावात फोड. सायकिकवाल्यांची मक्तेदारी मोडली ती या बदलांनी.

गैरसमज ४: जुने जीव प्राण्यांसारखे होते, नवे म्हणजे वस्तूंना चिकटवलेले डोळे.

वस्तुस्थिती: या तक्रारीत कायम तीन नावं येतात: आइस्क्रीमचा व्हॅनिलाइट, कचऱ्याच्या पिशवीचा ट्रबिश आणि दातेरी चाकांचा क्लिंक. तिन्ही २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मधले. आता पहिल्या १५१ मध्ये पाहा. व्होल्टॉर्ब म्हणजे डोळे असलेला पोकेबॉल, जीव पकडायचा चेंडू. मॅग्नेमाइट म्हणजे लोहचुंबक, आणि तसे तीन जोडले की मॅग्नेटन. एक्सेग्क्यूट म्हणजे अंड्यांचा घोळका. ग्रायमर आणि मक म्हणजे सांडपाण्याचा गाळ. एक डिग्लेट तीनदा छापला की डगट्रिओ तयार. वस्तूंना जीव फुटणं ही मालिकेची पहिल्या दिवसापासूनची रीत आहे. आणि ‘ब्लॅक’-‘व्हाइट’मध्ये तर लिलिपपसारखं सरळसाधं कुत्र्याचं पिल्लूही आहे.

गैरसमज ५: जुने जीव वगळण्याचं पाप २०१९ साली सुरू झालं.

वस्तुस्थिती: ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये आधीचे सगळे जीव आणता येणार नाहीत हे जून २०१९ मध्ये जाहीर झालं आणि चाहते भडकले. पण जुन्या जीवांशी ताटातूट आधी झाली ती २००२ मध्ये. ‘रुबी’-‘सफायर’मध्ये आतली सगळी रचना बदलली आणि ‘गोल्ड’-‘सिल्व्हर’मधून काहीच पुढे नेता येईना. वर्षानुवर्षं सांभाळलेले जीव जुन्या काडतुसातच अडकले.

फरक आहे, तोही सांगायला हवा. २००२ मध्ये न सापडणारे जीव काडतुसाच्या पोटात होतेच. ‘फायररेड’सारख्या पुढच्या खेळांतून ते मिळवता आले. २०१९ मध्ये वगळलेले जीव खेळात घातलेच नव्हते. त्यामुळे तक्रार पोकळ नाही. पण जिला सुवर्णकाळ म्हणतात त्या तिसऱ्या पिढीवरच याचा पहिला डाग आहे, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

गैरसमज ६: जुने खेळ अवघड होते, आता सगळं बाळबोध झालं.

वस्तुस्थिती: अर्धं खरं. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये अनुभवाचे गुण एका वस्तूने पूर्ण संघाला मिळत. तेव्हा ती सोय बंद करता यायची. ‘सोर्ड’-‘शील्ड’पासून बंदही करता येत नाही. संघ आपोआप वाढतो, त्यामुळे खेळ सोपा वाटतो.

पण जुन्या खेळांचा अवघडपणा बराचसा वेळखाऊपणा होता. गवतात तासन्‌तास फिरून तेच तेच जीव हरवायचे, म्हणजे ग्राइंडिंग. समोरचे प्रतिस्पर्धी मात्र फारसे हुशार नव्हते. पहिल्या खेळातल्या लान्स या प्रतिस्पर्ध्यासमोर विषारी जीव उभा केला, की त्याचा ड्रॅगोनाइट घाव घालायचं सोडून पुन:पुन्हा स्वतःचा वेग नाहीतर बचाव वाढवत बसतो. या चालींचा प्रकार सायकिक, आणि सायकिक विषारीवर भारी, एवढंच त्याला कळतं. चाल घाव घालणारी आहे की नाही, ते तो पाहतच नाही. मुद्दाम कठीण पातळी देण्याचा प्रयत्न २०१२ च्या ‘ब्लॅक २’मध्ये झाला, तर ती उघडण्यासाठी खेळ आधी एकदा संपवावा लागायचा!

गैरसमज ७: ज्याचा खप जास्त तो काळ चांगला.

वस्तुस्थिती: पहिल्या खेळांचा जगभरातला खप सुमारे ३ कोटी १० लाख. त्याच्या खालोखाल नाव ‘गोल्ड’-‘सिल्व्हर’चं (सुमारे २ कोटी ३० लाख) असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ‘सोर्ड’-‘शील्ड’ आणि ‘स्कार्लेट’-‘व्हायोलेट’ या दोन्ही जोड्या त्यांच्या पुढे आहेत; दोघींनीही अडीच कोटींचा आकडा ओलांडलाय. म्हणजे ‘लोकांनी नवे खेळ नाकारले’ हेही खोटं.

आता उलट बाजू. ‘ब्लॅक’-‘व्हाइट’चा खप सुमारे १ कोटी ५६ लाख, मुख्य जोड्यांमध्ये खालच्या रांगेतला. मूळ कथा संपेपर्यंत एकही जुना जीव दिसत नाही म्हणून तेव्हा लोक चिडले होते. पण १५६ नवे जीव, म्हणजे पहिल्या पिढीपेक्षाही जास्त, आजवर दुसऱ्या कुठल्या पिढीने दिले नाहीत. जीवांना पकडून लढवणं योग्य आहे का, हा प्रश्न कथेच्या मध्यभागी ठेवण्याचं धाडसही त्यांनीच केलं. आज जाणकारांच्या यादीत ते वरच्या जागी असतात. खपाचा आकडा बदलला नाही, मत बदललं.

गैरसमज ८: जे लहानपणी खेळलो तेच आवडतं, बाकी वाद व्यर्थ.

वस्तुस्थिती: अमेरिका-जपानमध्ये हे बऱ्याच अंशी पटण्याजोगं आहे, कारण तिथे खेळ क्रमाने आले आणि मुलं क्रमाने मोठी झाली. आपल्याकडे तो क्रमच नव्हता. २००५ साली जन्मलेल्या मुलाने फोनवर आधी ‘एमराल्ड’ खेळलेला असू शकतो, मग ‘गोल्ड’चा २००९ सालचा रीमेक ‘हार्टगोल्ड’, मग २०१६ च्या डिसेंबरात जिओच्या भागीदारीने भारतात अधिकृतपणे आलेला ‘पोकेमॉन गो’. वयाचा आणि पिढीचा धागा इथे तुटलेला आहे. त्यामुळे भारतीय चाहता खेळांना खेळ म्हणून तोलू शकतो, अट एवढीच की काय तोलतोय ते त्याला ठाऊक असावं.

मग निकाल काय?

‘सर्वोत्तम काळ’ या एका प्रश्नात चार प्रश्न गुंडाळलेले असतात: लढाईचे नियम, कथा, जीवांचा ताफा आणि भटकण्याची मोकळीक. मोकळिकीत २०२२ ला तोड नाही. त्या वर्षीच्या ‘लेजंड्स: आर्सिअस’ आणि ‘स्कार्लेट’-‘व्हायोलेट’ने मैदानं खुली केली. कथेत आणि ताफ्यात पाचवी पिढी, म्हणजे ‘ब्लॅक’-‘व्हाइट’ची, पुढे आहे. नियमांत निर्णायक पाऊल चौथ्या पिढीचं, २००६ सालचं. त्याआधी हल्ला शारीरिक की ‘स्पेशल’ हे त्याच्या प्रकारावरून ठरायचं, म्हणून हिटमॉनचॅनसारख्या मुष्टियोद्ध्याचे आगीचे आणि विजेचे ठोसे त्याच्या कमजोर ‘स्पेशल’ गुणावर चालायचे. चौथ्या पिढीने प्रत्येक हल्ल्याचं स्वरूप वेगळं ठरवलं आणि ठोसा ठोसा झाला.

हे सगळं मांडलं तर पुराव्यांचं पारडं २००९ ते २०१२ या काळाकडे झुकतं: दुरुस्त झालेले नियम, ‘हार्टगोल्ड’सारखा रीमेक आणि ‘ब्लॅक’-‘व्हाइट’ची कथा, तिन्ही एकाच काळात. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जरूर भांडावं. फक्त तोंड उघडण्यापूर्वी तीन गोष्टी सांगाव्यात: खेळ कुठला, मूळ की रीमेक, आणि चारपैकी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देताय.