संदर्भसूचीतील मूक दोष

लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीत संदर्भांचे दोष दोन प्रकारचे असतात. पहिला दोष स्वतःच बोलतो : मजकुरात संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. अशा वेळी नोंदीची खूण चुकीची लिहिलेली असते, किंवा लाटेक, बिबटेक व पुन्हा दोनदा लाटेक हा क्रम पूर्ण झालेला नसतो.

दुसरा दोष मूक असतो. ऑरेन पाताश्निक यांनी १९८५ मध्ये रचलेले बिबटेक युनिकोड जाणत नाही. देवनागरी नोंदी ते केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावते. त्यामुळे 'क्षीरसागर' हे नाव 'कोलटकर' व 'खरे' यांच्यामध्ये जाते. मराठी वर्णमालेत मात्र 'क्ष'चे स्थान 'ह' व 'ळ' यांच्यानंतरचे आहे. तसेच लेखकाच्या रकान्यात 'साहित्य अकादेमी' असे लिहिल्यास शेवटचा शब्द आडनाव समजला जातो आणि नोंद 'अ'खाली जाते. सूची वरवर निर्दोष दिसते. वाचकाला मात्र ग्रंथ सापडत नाही.

संस्थेचे नाव दुहेरी महिरपी कंसात ठेवल्यास ते अखंड राहते. क्रमासाठी बिबलाटेकसोबत बायबर वापरून वर्गवारीची भाषा मराठी ठरवावी लागते. परंतु हिंदी कोशांत 'क्ष' हा 'क'खालीच येतो. म्हणून मराठी-हिंदी मिश्र सूचीत कोणत्या भाषेचा वर्णक्रम पाळावयाचा, हा निर्णय यंत्राचा नसून संपादकाचा आहे. तो सूचीच्या आरंभी नमूद होणे आवश्यक ठरते.