पांढऱ्या टोपीखालचा चेहरा

दिवेघाटात काढलेल्या माझ्या पहिल्या स्लाइड धुऊन आल्या, तेव्हा त्यांत धोतरं राखेच्या रंगाची होती आणि टोप्यांखाली चेहऱ्यांच्या जागी नुसते काळे डाग. तीन रोल होते. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर दिवसभर चालून काढलेले.

“सगळं मीटरप्रमाणेच ठेवलं होतं,” मी अण्णांना म्हणालो. त्यांच्या स्टुडिओत मी काम शिकत होतो. त्यांनी एक स्लाइड खिडकीशी धरली. “मीटरनं धोतराचं रीडिंग दिलं. माणसाचं कुठं घेतलंस?”

माझ्याकडे निकॉन एफएम२ होता. त्याचा मीटर भिंगातून आत येणारा उजेड मोजतो, म्हणजे समोरच्या वस्तूवर आपटून परत आलेला. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. जे काही असेल ते मध्यम करडं, साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारं, असं धरून तो चालतो. धुतलेलं धोतर त्याच्या चौपटीहून जास्त उजेड परत पाठवतं. मग मीटर म्हणतो, उजेड फार झाला, कमी करा. दिंडी पांढऱ्या कपड्यांची, वर ढगाळ पांढरं आभाळ, आणि मधे उन्हानं रापलेला चेहरा. पुढे १९८३ साली निकॉन एफएमध्ये चौकटीचे पाच भाग करून मोजणारा मीटर आला. त्यानं अंदाज सुधारला. पण तो अंदाजच.

पुढच्या वारीला अण्णांनी त्यांचा सेकोनिक एल-३९८ हा हातातला मीटर माझ्या गळ्यात घातला. त्याला बॅटरी नाही. आतल्या सेलेनियमवर उजेड पडला की तेवढ्यानंच वीज तयार होते आणि सुई हलते. वर पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून बसवावा तसा पांढरा घुमट. मधलं बटण दाबलं की सुई सुटते, सोडलं की आहे तिथं थांबते. कडक ऊन असेल तर घुमटामागे भोकांची पट्टी सरकवायची. हा मीटर माणसाजवळ नेऊन घुमट कॅमेऱ्याकडे करायचा. तो माणसावर पडणारा उजेड मोजतो. धोतर पांढरं की घोंगडी काळी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मला या मोजणीत एक न्याय दिसतो. सावळ्या माणसाचा सावळेपणा त्यात आहे तसा उमटतो.

डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजीच्या हनुवटीखाली मी तो धरला. “ताप बघतूस व्हय रं?” आजी थांबल्या, पदर सारखा केला, ताठ उभ्या राहिल्या. उजेड बरोबर मिळाला, पण ज्या चालीसाठी मी आलो होतो ती चाल गेली.

मग अण्णांची युक्ती वापरू लागलो. मोकळ्या आभाळाखाली त्यांच्यावर जो उजेड पडतो तोच आपल्यावरही. दिंडीकडे तोंड करून उभं राहायचं, घुमट खांद्यावरून मागे वळवायचा, सुई वाचायची. कुणाजवळ जावं लागत नाही. मात्र ढग फाटला की ते रीडिंग संपलं, पुन्हा घ्यायचं. वडाच्या सावलीत विसावा असेल आणि आपण उन्हात, तर ही युक्ती फसते.

देवळातल्या कीर्तनात तर हातातला मीटर निरुपयोगीच. बुवांवर एकच बल्ब, मी गर्दीत वीस हात मागे. तिथं कॅमेऱ्यातलाच मीटर हवा, आणि बुवांचा चेहरा कॅमेऱ्याच्या गोलात भरेल असं लांब भिंग. फिल्टर लावला, अगदी जवळून फूल टिपायचं असलं, तरी भिंगातून मोजणाराच खरा. वाटेत गळालेला उजेड तो आपोआप हिशेबात धरतो.

पण घाटात सेकोनिक म्हणाला शटर १२५ आणि छिद्र ५.६. कॅमेरा म्हणत होता ५०० आणि ५.६, दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा फरक. मी १२५ लावलं. चौकटीच्या उजव्या कडेला अधिकची लाल खूण पेटली. ती तशीच पेटती ठेवून मी बटण दाबलं.